एम १०० या सर्पिल दीर्घिकेच्या भुजांमधल्या गाठी हायड्रोजन-अल्फात का येत नाहीत?

वेधक: ८ इंची न्यूटोनियन, एफ/५, मोनो कॅमेरा, ३ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर (हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल रेषेभोवतीचा तेवढाच पट्टा आत सोडणारा). एम ५१ या दीर्घिकेतल्या तारानिर्मितीच्या गाठी छान उठून येतात. एम १०० चे ३०० सेकंदांचे ६० सब (सुटे फोटो) स्टॅक केले (एकत्र जोडले) तरी भुजा नुसत्या धुरकट. एक्स्पोजर वाढवू का?

वर्णपट: नका वाढवू. गाठींचा प्रकाश फिल्टरमधून आतच येत नाहीये. एम १०० आपल्यापासून सेकंदाला साधारण १५७० किमी वेगाने दूर जाते आहे. त्यामुळे तिची रेषा लाल बाजूला सरकते (ताम्रसृती). किती, ते काढायला ६५६.३ ला या वेगाने गुणून प्रकाशवेगाने भागा: सुमारे ३.४. म्हणजे तिची रेषा ६५९.७ नॅनोमीटरवर पडते आणि तुमचा फिल्टर ६५७.८ लाच संपतो. दिसतोय तो धूसरपणा ताऱ्यांच्या अखंड वर्णपटाचा (सगळ्या रंगांत पसरलेल्या प्रकाशाचा). एम ५१ ची ताम्रसृती जेमतेम १ नॅनोमीटर, म्हणून ती निभावते. ७ नॅनोमीटरचा फिल्टरही इथे अगदी काठावर येतो. १२ चा घ्या. आकाश जास्त उजळ येईल, पण रेषा पूर्ण मिळेल.

दूरचा_प्रवासी: एफ/२ वर (प्रकाश रुंद शंकूत आणणाऱ्या दुर्बिणीवर) हेच करणाऱ्यांनी जपावं. तिरप्या किरणांमुळे फिल्टरचा पट्टा निळ्याकडे सरकतो, म्हणजे नेमका उलट्या दिशेला. आणि एक भन्नाट गोष्ट: कोमा समूहातल्या दीर्घिकांचा वेग सेकंदाला ७००० किमीच्या आसपास असतो, त्यामुळे त्यांची हायड्रोजन रेषा ६७१-६७२ वर जाते. तिथे सल्फरचा फिल्टर चालतो! समूहात वेगांची फेक मोठी आहे, तेव्हा त्या-त्या दीर्घिकेचा वेग आधी पाहा.

वेधक: १२ चा फिल्टर आहे. पण त्यात पिवळा गाभाही भरपूर येणार ना?

वर्णपट: येणारच, तो वजा करावा लागतो. लाल फिल्टरचा स्टॅक त्याच रात्री, शक्यतो तितक्याच सीइंगमध्ये (हवेच्या स्थिरतेत) घ्या. दोन्ही स्ट्रेच न करता (मंद भाग उजळ न करता), लिनिअर असतानाच जुळवा, पार्श्वभूमी शून्यावर आणा, मग अल्फा − क × लाल (‘क’ म्हणजे लालला गुणायचा आकडा). तारे जेमतेम नाहीसे होईपर्यंत ‘क’ वाढवा. गाभ्यात काळा खड्डा पडला तर ‘क’ जास्त झाला. ताऱ्यांभोवती कडी दिसली तर दोन स्टॅकमधल्या ताऱ्यांचा आकार वेगळा आहे. धारदार स्टॅक थोडा ब्लर करा. उरलेलं चित्र लाल चॅनेलमध्ये मिसळा.

एवढं करूनही भुजेचा एखादा निळा तुकडा गुलाबी झाला नाही, तर जबरदस्तीने रंगवू नका. हायड्रोजन पेटवणारे ओ वर्गाचे (सर्वांत तप्त) तारे काही दशलक्ष वर्षांतच संपतात, निळे बी तारे मागे राहतात. तिथली तारानिर्मिती खरोखरच थांबलेली असू शकते.