विंडोज ११ वर फॉक्सप्रोचा जुना आडत प्रोग्राम चालत नाही

मोंढा_जालना
दुकानात फॉक्सप्रो २.६ (डॉसवरचं जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर) मधला प्रोग्राम आहे. सौदा, शेतकऱ्याची पट्टी, हमाली-तोलाई, उधारी सगळं त्यातच. सोर्स कोड नाही, फक्त ईएक्सई (चालणारी फाइल) आणि डीबीएफ (डेटाच्या) फायली. जुन्या मशीनवर ३२ बिट विंडोज ७ होतं. नव्यावर डबल क्लिक केलं की 'हे ॲप या पीसीवर चालत नाही' म्हणतं. कंपॅटिबिलिटीत एक्सपी निवडलं तरी तेच. प्रिंटर ८० कॉलमचा डॉट मॅट्रिक्स, यूएसबीवर. सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत बसवायचंय.

डीबीएफ_परभणी
कंपॅटिबिलिटीच्या नादी लागू नका. प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये गेला की डॉससाठी लागणारा व्हर्च्युअल ८०८६ मोड मिळत नाही, म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम (डॉस प्रोग्राम चालवणारा विंडोजचा भाग) नसतंच. विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये येतच नाही.

डॉसबॉक्स-एक्स (विंडोजमध्ये डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाका. साधा डॉसबॉक्स ०.७४ खेळांसाठी आहे, त्यात प्रिंटिंग नाही. शिवाय कंट्रोल+एफ९ चुकून दाबलं गेलं तर तो जागेवर बंद होतो, डीबीएफ उघडी असतानाच. मग हेडरमधला (फाइलच्या सुरुवातीच्या भागातला) रेकॉर्डचा आकडा जुनाच राहतो आणि शेवटच्या पट्ट्या गायब दिसतात.

फोल्डर थेट डी ड्राइव्हवर ठेवा, नाव आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा नको. डेस्कटॉपवर ठेवू नका. वनड्राइव्ह चालू असेल तर ते चालू डीबीएफ मध्येच उचलायला बघतं. कॉपी करताना डीबीएफबरोबर सीडीएक्स (इंडेक्सची फाइल) आणि एफपीटीही (लांब मजकुराची, मेमो फाइल) घ्या. सीडीएक्स बिघडली वाटली तरी हाताने उडवू नका, डीबीएफ उघडताना प्रोग्राम तीच मागतो. मेनूतलं रिइंडेक्स चालवा. कॉन्फिग फाइलच्या ऑटोएक्झेक भागात माउंट कमांडने तो फोल्डर सी म्हणून जोडा, खाली सी: आणि ईएक्सईचं नाव. झालं.

रिबनवाला_नांदेड
खरी डोकेदुखी प्रिंटरची. प्रोग्राम एलपीटी१ (जुना प्रिंटर पोर्ट) वर पाठवतो, तुमचा प्रिंटर यूएसबी००१ वर. 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर टाका, प्रिंटर डीएमपी नावाने शेअर करा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज कमांडने एलपीटी१ त्या शेअरला जोडा, शेवटी पर्सिस्टंट येस लिहा म्हणजे जोडणी कायम राहील. हे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून करू नका. ॲडमिनच्या खिडकीत जोडलेला पोर्ट साध्या लॉगिनला दिसत नाही, इथेच बहुतेकांचा अर्धा दिवस जातो. डॉसबॉक्स-एक्सच्या पॅरलल भागात पॅरलल१ ला फाइल प्रकार देऊन डेव्हाइस म्हणून एलपीटी१ लिहा.

मोंढा_जालना
चाललं भाऊ! पण पट्टी अर्ध्या कागदाची (६ इंच) आहे आणि प्रत्येक पट्टीनंतर कागद पुढच्या पट्टीत मध्येच कुठेतरी जाऊन थांबतो.

रिबनवाला_नांदेड
प्रिंटर पान ११ इंचांचं धरून बसलाय, इंचाला ६ ओळी म्हणजे ६६ ओळी. तुम्हाला ३६ हव्यात. प्रोग्राम एस्केप-सी-३६ (पान ३६ ओळींचं धर, ही आज्ञा) पाठवत असेल तर प्रिंटरचं इम्युलेशन ईएससी/पी वर (त्या आज्ञा समजणाऱ्या एप्सनच्या भाषेवर) आहे का बघा. पाठवत नसेल तर पानाची लांबी प्रिंटरच्याच सेटिंगमधून बदला. पॅरलल१ च्या ओळीत ॲडएफएफ (शेवटी पान पुढे सरकव) लिहिलं असेल तर काढा, नाहीतर जादा कागद सरकेल.

जुनी_विंडोज_बीड
दोन-तीन काउंटर एकाच डेटावर असतील तर मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) ३२ बिट एक्सपी टाकेन. ५१२ एमबी रॅम आणि १० जीबी डिस्क भरपूर झाली. बायोसमध्ये व्हीटी-एक्स (प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय) चालू हवं. त्या एक्सपीला इंटरनेट देऊ नका. डीबीएफ व्हर्च्युअल डिस्कवरच ठेवा, व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरवरून चालवू नका, लॉकिंग (दोघांनी एकच नोंद एकदम बदलू नये म्हणून लागणारं कुलूप) घसरलं की इंडेक्स बिघडतो.

डीबीएफ_परभणी
एकच काउंटर असेल तर तेवढा खटाटोप कशाला. आणि हो, डीबीएफ बघायची असेल तर कॉपी करून लिब्रेऑफिसमध्ये उघडा. मूळ फाइल त्यात सेव्ह केली तर फील्डची रुंदी बदलू शकते, मग प्रोग्राम रुसतो.