दुसऱ्या पदवीचं नर्सिंग: प्रवेश देताना गुण बघावेत की रुग्णसेवेचे तास?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळची कराडची, सध्या न्यू जर्सीत. पुण्यातून मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं, तीन वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली आणि लग्नानंतर एच-फोर व्हिसावर, म्हणजे एच-वन-बी नोकरीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, इकडे आले. लेक शाळेत जायला लागल्यावर नर्सिंगचं डोक्यात घेतलं. हाताशी कुठलीही एक पदवी असलेल्यांसाठी इथे बी.एस.एन.चा, म्हणजे नर्सिंगच्या पदवीचा, वेगवान कोर्स असतो, साधारण वर्ष-दीड वर्षाचा. काल-परवाचं फॅड नाही हे, सेंट लुईस विद्यापीठाने १९७१ मध्ये असा पहिला कोर्स काढला.

अर्जाआधी ठरावीक विषय करून यावे लागतात: अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन भाग लॅबसकट, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन, मानसशास्त्र. हो, मायक्रोबायोलॉजी! माझं एम.एस्सी. बारा वर्षांपूर्वीचं, आणि पाच-सात वर्षांपेक्षा जुने विज्ञान विषय बरीच कॉलेजं धरत नाहीत. मग कम्युनिटी कॉलेजच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी उभी राहून पुन्हा ग्रॅम स्टेन, म्हणजे जीवाणू ओळखायची रंगचाचणी, केला. बाईंनी विचारलं, आधी केलंयस का? म्हटलं, थोडंफार.

सगळ्या विषयांत ए. टीज ही प्रवेश परीक्षाही चांगली गेली. तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडून नकार. एका ठिकाणी फोन केला तेव्हा कळलं, 'प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव कमी पडला.' जिला मी अ‍ॅनाटॉमी समजावून दिली ती मुलगी आत गेली. नर्सिंग होममध्ये दोन वर्षं सी.एन.ए., म्हणजे नर्सची मदतनीस होती ती.

माझं म्हणणं असं की हे अनुभवाचे तास मागणंच चूक आहे. एच-फोरवर ई.ए.डी., म्हणजे कामाचा परवाना, नसेल तर नोकरी करता येत नाही, आणि नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी त्याच्या कंपनीने भरलेला अर्ज, मंजूर झाल्याशिवाय मला ई.ए.डी. मिळत नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत. गुण बघा, परीक्षा घ्या, मुलाखत घ्या. रुग्णसेवा शिकायलाच तर येतोय ना आम्ही?

जर्सीकर
ताई, प्रवेशाचं नंतर बघू. पास झाल्यावर काम कशावर करणार? एच-फोरवर शिकता येतं, पण पदवी मिळाली म्हणून कामाचा परवाना मिळत नाही. एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घेतलात तर वर्षभराची ओ.पी.टी., म्हणजे शिक्षणानंतर काम करायची मुभा, मिळेल, पण नर्सिंग स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नसल्यामुळे पुढची दोन वर्षं नाहीत. साध्या आर.एन.च्या (नोंदणीकृत नर्सच्या) जागेवर एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा मिळणं कठीण. ग्रीन कार्डासाठी नर्सेसना शेड्यूल ए ही सवलतीची यादी आहे, लेबर सर्टिफिकेशनची (स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवण्याची) लांबण टळते, हे खरं. पण भारतात जन्मलेल्यांची ईबी-थ्रीची, म्हणजे नर्सेस ज्या ग्रीन कार्ड गटात येतात त्याची, रांग दहा वर्षांच्या पुढे आहे आणि शेड्यूल ए मुळे त्या रांगेत कुणी पुढे सरकत नाही. खासगी कॉलेजात पन्नास-साठ हजार डॉलर सहज जातात. आधी वकिलाकडे जा, मग कॉलेजकडे.

नाईट_ड्युटी
कोयनाकाठ, राग मानू नकोस, पण तुला नाकारणाऱ्यांची बाजू मला पटते.

माझं जी.एन.एम., म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, महाराष्ट्रातलं, नंतर पोस्ट बेसिक पदवी, मग एन्क्लेक्स ही इकडची परवान्याची परीक्षा देऊन आले. आपल्याकडे सरकारी वॉर्डात नर्सच्या हाताला बेडपॅन क्वचित लागतं. मावशी असतात, मामा असतात, नातेवाईक तर असतातच. आपण इंजेक्शनं, सलाइन, औषधं, रजिस्टर आणि डॉक्टरांचा राउंड यात बुडालेल्या. इकडे पहिल्याच आठवड्यात दीडशे किलोच्या एका आजोबांची चादर बदलायची वेळ आली. मी एकीकडे, सी.एन.ए. दुसरीकडे. ड्रॉ शीट, म्हणजे अंगाखालची छोटी आडवी चादर, धरून एक-दोन-तीन म्हणत त्यांना कुशीवर वळवायचं, खराब चादर गुंडाळत पाठीपर्यंत सरकवायची, पुसायचं, माकडहाडावर लाली दिसतेय का ते बघायचं, स्वच्छ चादरीची अर्धी गुंडाळी तिथेच लावायची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून पलीकडून दोन्ही ओढून घ्यायच्या. एवढा वेळ तो माणूस लाजेने डोळे मिटून पडलेला. त्याच्याशी काय बोलायचं हे टीज विचारत नाही. आठ वर्षं नर्सचं काम केलं होतं मी, आणि हे मला त्या सी.एन.ए.ने शिकवलं.

आता मी प्रिसेप्टर आहे, म्हणजे नव्या मुलींना वॉर्डात शिकवते. मध्यंतरी वेगवान कोर्सची एक मुलगी आली होती, आधी बँकेत होती, सगळीकडे ए. तिसऱ्या आठवड्यात सोडून गेली. वाईट नव्हती, पण कशात पाय टाकतोय याची तिला कल्पनाच नव्हती. अडलेली ती जागा तुझ्यासारखीला मिळाली असती. चार वर्षांच्या कोर्समध्ये माणसाला रुळायला वेळ मिळतो, पंधरा महिन्यांत मिळत नाही. म्हणून आधी थोडं बघून या म्हणतात.

तिरकस
म्हणजे ज्यांना स्वस्तात मदतनीस हवेत त्यांनीच प्रवेशाची अट घातली की दोन वर्षं स्वस्तात मदतनीस व्हा. वा!

कॉमर्सवाला
मी टेक्सासमध्ये हाच कोर्स केलाय. मुंबईचा बी.कॉम., इकडे सात वर्षं अकाउंट्स. रुग्णसेवेचा अनुभव शून्य. तरी मिळाला, कारण आमच्या कॉलेजची गुणवत्ता यादी सरळ होती: आधीच्या विषयांचे गुण आणि प्रवेश परीक्षा, बस. तेव्हा कोयनाकाठ यांना पहिलं सांगणं हे की कॉलेज बदला. सगळीकडे तास मागत नाहीत. अर्ज करण्याआधी त्या कॉलेजचा गुणांचा तक्ता मागवायचा, बरेच देतात.

नाईट_ड्युटीताई, तुमची बँकवाली सोडून गेली, पण आमच्या तुकडीत पहिल्यांदा गळाले ते दोघेही सी.एन.ए. होते. हातात काम होतं, फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, झेपली नाही. पंधरा महिन्यांत दर आठवड्याला परीक्षा असते. पहाटे साडेपाचला क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या सरावाला, हजर व्हायचं, संध्याकाळी डोसची गणितं, आणि एका विषयात घसरलात की पुढच्या तुकडीची वाट बघा. गुण बघतात ते उगाच नाही.

आणि मुळात चाळणी लागते कशामुळे? नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२१ मध्ये ९१,९३८ पात्र अर्ज परत गेले. अर्ज बरं का, माणसं नव्हेत, एकेक जण चार-पाच ठिकाणी भरतो. शिकवायला माणसं नाहीत, क्लिनिकलला हॉस्पिटलं मिळत नाहीत, म्हणून जागा नाहीत. जागा वीस आणि अर्ज दोनशे असले की कॉलेज काहीतरी काठी शोधणारच. कुणी गुणांची शोधतं, कुणी तासांची. त्यात माणूस चांगली नर्स होईल की नाही हे थोडंच दिसतं!

नाईट_ड्युटी
फार्माकॉलॉजीचं मान्य. पण शून्य अनुभवावर आलेल्या तुला पहिल्या दिवशी काय झालं ते पण लिही की.

कॉमर्सवाला
लिहितो. एका आजींचं डायपर बदलताना मला घेरी आली. इन्स्ट्रक्टरने खुर्चीत बसवून संत्र्याचा रस दिला. तो आजींच्या ट्रेवरचा होता, आणि त्यांनीच देऊ केला होता. पण पुढच्या आठवड्यात घेरी नाही आली. म्हणून तर म्हणतोय, हे शिकता येतं.

सिस्टर_ट्यूटर
मी महाराष्ट्रातल्या नर्सिंग कॉलेजात शिकवते. तुमचा वाद वाचून हेवा वाटला, कारण आमच्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत पदवीधरांसाठी वेगळा झटपट रस्ता नाही. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी हवं, सीईटी द्यायची, आणि आधी एम.एस्सी. असा नाहीतर पीएच.डी., चार वर्षं पहिल्यापासून. कॉमर्सवाले, तुम्ही इथे असता तर बी.एस्सी.चं दार बंदच होतं. जी.एन.एम.ला कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण तिथे वयाचा प्रश्न आला असता.

आणि अनुभव? आमच्याकडे कुणी विचारत नाही. सतराव्या वर्षी आलेली मुलगी पहिल्यांदा वॉर्डात जाते तेव्हा तिने स्वतःच्या आजीचं अंगसुद्धा पुसलेलं नसतं. त्यातल्या कितीतरी उत्तम अधिपरिचारिका झाल्या. तेव्हा आधीचे तास लागतातच असं मला वाटत नाही. मात्र आमच्याकडे घडवायला चार वर्षं मिळतात, हेही खरं.

तिरकस
एम.एस्सी. होऊन नर्स? घरचे काय म्हणतात?

कोयनाकाठ
सासूबाई म्हणतात, 'डॉक्टर व्हायचं राहून गेलं असेल तर तसं सांग.' आई फोनवर गप्प बसते. पुढे.

जर्सीकर, वकिलाकडे जाऊन आलो. आय-१४० दाखल आहे, निकाल यायचाय. तो आला तर ई.ए.डी.चा अर्ज करता येईल. नाही आला तर मी एवढा खर्च करणार नाही, हे घरात ठरलंय.

आता तासांचं. नाईट_ड्युटीताई, चादरीचं वाचलं आणि जरा वेळ गप्प बसले. ते मला येतं. सासऱ्यांना पक्षाघात झाला तेव्हा मी आठ महिने कराडला होते, उजवी बाजू पूर्ण गेलेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. मोबाईलवर गजर लावून झोपायचे. घट्ट केलेली पेज चमच्याने डाव्या गालात भरवायची, मग गिळली की गालात राहिली ते बोट घालून बघायचं. आठ महिन्यांत एकही बेडसोर झाला नाही. पण अर्जात 'अनुभव' या रकान्यात संस्थेचं नाव, सुपरवायझरचं नाव आणि फोन नंबर मागतात. माझ्या सासूबाईंना लेटरहेड नाही. घरी बाई जे करते ते काम नाही आणि तेच नर्सिंग होममध्ये ताशी पगारावर केलं की अनुभव. मग मी म्हणते ही अट चूक आहे, तर काय चुकलं?

नाईट_ड्युटी
आठ महिने! आणि हे तू अर्जात लिहिलंच नाहीस?

कोयनाकाठ
अर्जासोबतच्या स्टेटमेंटमध्ये, म्हणजे स्वतःबद्दलच्या निबंधात, लॅबचं लिहिलं, रिसर्चची आवड लिहिली. घरचं काय लिहायचं, असं वाटलं.

नाईट_ड्युटी
अगं! तास म्हणून धरणार नाहीत, बरोबर, आणि अट अन्यायाची आहे हे तुझ्या बाबतीत मी मान्य करते. इतरांच्या बाबतीत नाही करत. ज्याला नोकरीची मुभा आहे त्याने सहा महिने पलंगाजवळ काढून यावं, या मतावर मी ठाम आहे.

तू दोन गोष्टी कर. सी.एन.ए.चा कोर्स कर. नोकरी करता येत नसली तरी शिकता येतं. देशभरात किमान ७५ तासांचा असतो, तुमच्याकडे थोडा जास्त असेल, आणि त्यात खऱ्या रुग्णांजवळ उभं करतात. दुसरं, हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करतात तिथे, स्वयंसेवक हो. तिथे सहीचं पत्रही मिळतं. आणि स्टेटमेंटची सुरुवात इथे टाक.

कॉमर्सवाला
जोडीला कम्युनिटी कॉलेजचं ए.डी.एन., म्हणजे नर्सिंगची छोटी पदवी, हेही बघून ठेवा. दोन वर्षं लागतात, पण खर्च फार कमी आणि एन्क्लेक्स तीच. मोठी हॉस्पिटलं बी.एस.एन. मागतात हे खरं. न्यूयॉर्कमध्ये तर नव्या आर.एन.ना दहा वर्षांत बी.एस.एन. करायला लावणारा कायदा २०१७ मध्ये झाला. पण ते नोकरी करता करता ऑनलाइन होतं. हां, ए.डी.एन.लाही रांग असतेच.

कोयनाकाठ
सी.एन.ए.च्या पुढच्या तुकडीला नाव दिलं. माझं मत बदललेलं नाही, अट चूकच आहे. पण अर्ज नोव्हेंबरमध्ये भरायचाय, आणि अट काही नोव्हेंबरपर्यंत बदलत नाही.

सुरुवात इंग्रजीत लिहिलीय, इथे मराठीत देते: 'रुग्णसेवेबद्दल मला नेहमीच करुणा आणि ओढ वाटत आली आहे. माझे सासरे आजारी पडले तेव्हा मी रात्री बारा, दोन, चार आणि सहाला उठत असे. चौथ्या महिन्यात गजर वाजायच्या आधीच मला जाग यायला लागली.'

नाईट_ड्युटी
पहिलं वाक्य खोड. मग डाव्या गालातल्या पेजेचं घाल, आणि बेडसोर झाला नाही हे घाल. बाकीचं व्यक्तिगत निरोपात पाठव, उद्या माझा ऑफ आहे.