मदत हवी आहे: सोयाबीनमध्ये शंखी गोगलगाय, कुत्री-कोंबड्या असताना औषध कसं टाकावं?

नमस्कार मंडळी. आमचं शेत लातूर जिल्ह्यात. 2022 ला इकडे या आफ्रिकन गोगलगायींनी सोयाबीनची पार वाट लावली होती, दुबार पेरणी करावी लागली. यंदा पुन्हा तेच. दिवसा एक दिसत नाही. रात्री बॅटरी घेऊन गेलं की दोन पानांवरची रोपं बुडातून कुरतडलेली, आणि सरीभर चिकट चकाकणारा माग.

गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधालगत टाकतो, सकाळी हातमोजे घालून वेचतो आणि मिठाच्या पाण्यात बुडवतो. काम होतं, पण शेजारचं रान पडीक आहे, तिथून नवी फौज येतेच. चुन्याचा पट्टा मारला तर पाऊस एका रात्रीत धुऊन नेतो.

मेटाल्डिहाइडच्या (गोगलगाय मारायचं विषारी आमिष) गोळ्या सगळेच सुचवतात. पण घरी कुत्रं आहे, कोंबड्या मोकळ्या फिरतात, आणि ते त्यांनाही विषारीच. कुणी झाकून ठेवायची काही युक्ती केली आहे का? आणि बांधातली साबुदाण्यासारखी अंडी नांगरट न करता कशी काढता? शेजारी ऐकत नसेल तर ग्रामपंचायतीमार्फत सामूहिक वेचणी कुणी घडवून आणली असेल, तर कसं जमवलं तेही सांगा.