नानावटी खटला : ८ विरुद्ध १ने सुटलेला माणूस दोषी कसा ठरला?

सांगलीकर_लॉ :
एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शनिवारी मूट कोर्टात (सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यात) नानावटींच्या बाजूने उभी राहायचंय. नानावटी म्हणजे नौदलातले अधिकारी; बायकोशी संबंध असलेल्या आहुजांना गोळ्या घालून मारल्याचा त्यांच्यावर खटला होता. ज्यूरीने, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने सोडलं, तरी हायकोर्टाने जन्मठेप दिली. कारण म्हणे न्यायाधीशांनी ज्यूरीला कायदा नीट समजावला नाही. मग त्यात आरोपीचा काय दोष? आणि आहुजांच्या वॉचमनच्या साक्षीला एवढं वजन का?

जुना_शिरस्तेदार :
बाळ, सेशन कोर्टात माझी हयात गेली, पण ज्यूरी मी पाहिली नाही. हा निकाल मात्र तीनदा वाचलाय.

आधी एक गैरसमज काढ. सरकारने अपील केलं नव्हतं. ज्यूरीचा निर्णय सेशन कोर्टाचे न्या. मेहता यांनाच पटला नाही, म्हणून त्यांनी १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७खाली प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. तिथे त्यांनीच ज्यूरीला कायदा समजावताना केलेल्या निवेदनातल्या चुका निघाल्या! झटापटीत चुकून गोळी सुटली, असा बचाव होता. गुन्ह्यातून सूट देणारा असा अपवाद शाबीत करायचं ओझं तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०५प्रमाणे आरोपीवर होतं. ते ज्यूरीला सांगितलंच नाही.

वॉचमनने सांगितलं, की मालकाला का मारलंत असं विचारल्यावर नानावटी साहेब म्हणाले, त्याचे माझ्या बायकोशी संबंध होते म्हणून मारलं. आता बघ, गोळी चुकून सुटलेला माणूस त्या घटकेला असं बोलेल का?

अचानक चिथावणी मिळून रागाच्या भरात मारलं, म्हणून तो खून नाही, हा मुद्दाही तकलादूच. बायकोने कबुली दिल्यावर तिला नि पोरांना मेट्रो थिएटरवर सोडलं, आपल्या नौदलाच्या बोटीवरून रिव्हॉल्व्हर आणि ६ गोळ्या घेतल्या, मग ४.२०ला आहुजांच्या फ्लॅटवर. मधल्या वेळात डोकं थंड व्हायला हवं होतं, असं सुप्रीम कोर्टाने २४ नोव्हेंबर १९६१ला म्हटलं.

तुझा जोर ३०७वर ठेव. शहाण्यासुरत्या माणसांना ज्यावर पोचताच येणार नाही, असाच निर्णय असेल तर हायकोर्टाने हात घालावा, हे म्हण. तो वाद हरलेला आहे, पण मूटमध्ये उभा राहतो.

गिरगावकर :
टॉवेल विसरलात काका. आहुजा आंघोळ करून टॉवेल गुंडाळून आले होते. झटापट झाली म्हणता, आणि टॉवेल जागचा हलला नाही?

सांगलीकर_लॉ :
अरे देवा. परीक्षकांनी हेच विचारलं तर?

जुना_शिरस्तेदार :
घोटभर पाणी पी, ‘माय लॉर्ड’ म्हण, आणि सरळ ३०७वर ये.