ऑफिससाठी शेअर्ड स्टोरेज घेताना तुमचं काय झालं?

जिन्याखालचा
गुरुवार, लाइट गेली. शेजारच्या यूपीएसची टीं टीं ऐकून भोसरीची सर्व्हर रूम आठवली. रूम कसली, जिन्याखालची खोली. तीन सर्व्हर, डिस्क ज्याची त्याच्यापाशी. फायबर चॅनल सॅनचं (सर्व्हरना डिस्क पुरवणारं वेगळं, महागडं नेटवर्क) कोटेशन बघून मालक म्हणाले, "एवढ्यात लेथ येईल." मग नास घेतला, म्हणजे नेटवर्कवर जोडायची डिस्कची पेटी, चार डिस्कच्या जागांची. ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा राहतो, दुसरी गेली की संपलं), हाती १२ टीबी, आयस्कझीने (साध्या नेटवर्कवरून सर्व्हरला डिस्क देण्याची पद्धत) तिन्ही सर्व्हर जोडले. दीड वर्षाने एक डिस्क गेली. नवी टाकली, तिच्यावर डेटा परत भरणं, म्हणजे रीबिल्ड, ७१ टक्क्यांवर आणि दुसरीने मान टाकली. चारही एकाच खोक्यातल्या, लागोपाठच्या नंबरच्या. टॅलीचा बॅकअप अकाउंटंट ताईंच्या पेनड्राइव्हवर होता म्हणून वाचलो. लिहा तुमचं.

आळंदीरोड
रेड १० करायचं की, डिस्कच्या जोड्या, एकीची नक्कल दुसरीवर. जागा ८ टीबीच, पण रीबिल्डला फक्त जोडीची डिस्क वाचली जाते.

पोहेप्रेमी
ताईंना पेढे दिले का?

जिन्याखालचा
मालकांनी दिवाळीत साडी दिली त्यांना. मला स्टीलचा डबा.

पोहेप्रेमी
😂😂

केबलकाका
आम्ही स्वस्त बघून एसएमआर डिस्क घेतल्या. त्यात ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, एक बदलायचं तर शेजारची कौलंही उचलून परत बसवा. तीन दिवस रीबिल्ड चालू! सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढलेली) आहे का विचारूनच घ्या. दुकानदार "सगळ्या सारख्याच" म्हणतो.

सिंहगडरोडची
मुलीच्या प्रोजेक्टला १ टीबी एक्स्टर्नल हवीय. तपकीर गल्लीत पार्किंग मिळतं का?

आळंदीरोड
तपकीर गल्लीत पार्किंग 🙏 मंडईत लावा, चालत जा.

रात्रपाळी
जुन्या सर्व्हरवर ट्रूनास टाकलं, सर्व्हरचा नास करणारं सॉफ्टवेअर, फुकट. पण त्यातल्या झेडएफएसला (डिस्कवरचा डेटा आणि रेड स्वतःच सांभाळणारी फाइल सिस्टिम) डिस्क थेट दिसाव्या लागतात, रेड कार्ड काढून एचबीए (डिस्क नुसत्या जोडून देणारं साधं कार्ड) शोधत फिरलो. घरी टेस्टिंगला लावला तर आई म्हणे, गिरणी टाकलीस का.

केबलकाका
नेटवर्क स्विचचंही बघा. १ गिगाबिटवर सेकंदाला ११०-११५ एमबी, तेही तिघांत वाटून. आमच्याकडे सीसीटीव्ही त्याच स्विचवर होता, दुपारी ईआरपी (कंपनीच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर) रांगायचं. वेगळा स्विच लावला, मिटलं.

आळंदीरोड
@जिन्याखालचा, एक कळेना. आधी एक सर्व्हर पडला तर एकाचंच काम अडायचं. नास एकच, म्हणजे तो पडला की तिन्ही?

जिन्याखालचा
मालकांनीही हेच विचारलं होतं, डबा त्यानंतरचा. लाइट आली, पाण्याची मोटर लावून येतो.