मदत हवी आहे: कार्डावरचा नंबर आणि लिस्टमधला नंबर जुळत नाही (हेक्स??)

अभ्यासिकावाला:
नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून लिहितोय. लातुरात अभ्यासिका आहे आमची, दाराला कार्ड दाखवून आत जायची सिस्टीम बसवली, २१० कार्डं. कार्डावर छापलेला नंबर पोरांच्या नावापुढे लिहून ठेवलाय आणि आता दाराच्या सॉफ्टवेअरमधून लिस्ट काढली तर एकही नंबर जुळेना. ज्याने बसवून दिलं तो म्हणतो हेक्स आहे, कन्व्हर्ट करून घ्या, आणि फोन ठेवला. पटकन सांगा काय करायचं, उद्या १ तारीख, फी न भरलेल्यांची कार्डं बंद करायचीत.

झोपाळू_बिट:
कार्ड कोणतं? लिस्ट कशात उघडलीय? एखादा नंबर तरी टाका की.

अभ्यासिकावाला:
पांढरं जाड कार्ड, साधंच. नंबर सगळे वेगवेगळे आहेत, काहीत अक्षरं, काहीत नाही.

रंगारी:
हेक्स म्हणजे कलर कोड. एफएफ०००० लाल, ००एफएफ०० हिरवा. पहिले दोन लालचे, मधले दोन हिरव्याचे, शेवटचे दोन निळ्याचे. वेबसाइट बनवताना लागतात.

अभ्यासिकावाला:
अहो मला दार उघडायचंय, रंगवायचं नाही.

खडूस_काका:
सोप्पं आहे. आमच्या लहानपणी १६ आण्यांचा रुपया होता, १९५७ ला नवे पैसे आले तोवर. पंधरा आण्यांपर्यंत आणे मोजायचे, सोळावा आला की रुपया. हेक्स तसंच, दहाऐवजी सोळाने मोजायची पद्धत. ९ च्या पुढे आकडे संपतात म्हणून १० ला ए, ११ ला बी, असं करत १५ ला एफ.

झोपाळू_बिट:
काका, पहिल्या घरापुरतं ठीक आहे, पण रुपये पुढे दहा-दहानेच वाढायचे, १६ रुपयांचं वेगळं काही नव्हतं. हेक्समध्ये प्रत्येक घर आधीच्याच्या सोळापट. १, १६, २५६, ४०९६ असं.

खडूस_काका:
मी समजायला सांगितलं, तुम्ही परीक्षा घ्यायला बसलात.

पायथनप्रेमी:
पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एका ओळीचं काम आहे हे. इन्स्टॉल करा, मी कोड देतो.

झोपाळू_बिट:
त्यांच्याकडून अजून एक नंबर निघेना, पायथन कुठे काढताय. @अभ्यासिकावाला, एका कार्डावर जे जे छापलंय ते सगळं जसंच्या तसं लिहा, आणि तेच कार्ड दाराला लावून सॉफ्टवेअरमध्ये काय येतं ते.

अभ्यासिकावाला:
कार्डावर ०००५४३६७२१, आणि पुढे बारीक अक्षरात ०८२,६२७६९ असं पण आहे, ते मी लिहूनच घेतलं नव्हतं, मला वाटलं कंपनीचा काहीतरी कोड. लिस्टमध्ये ००५२एफ५३१.

झोपाळू_बिट:
हे आधी सांगितलं असतं तर! सुरुवातीची शून्यं सोडा. ५२ घ्या. सोळा पंचे ऐंशी आणि दोन, ब्याऐंशी. स्वल्पविरामाच्या आधी ०८२ आहे ना, तेच. आता एफ५३१: एफ म्हणजे १५, १५ गुणिले ४०९६ झाले ६१४४०, त्यात ५ गुणिले २५६ म्हणजे १२८०, मग ३ गुणिले १६ म्हणजे ४८, आणि १. बेरीज ६२७६९. आणि ८२ गुणिले ६५५३६ (४०९६ च्या पुढचं घर) अधिक ६२७६९ केलं की तुमचा मोठा नंबर, ५४३६७२१. एकाच नंबरची तीन रूपं आहेत ही. एक्सेलमध्ये 'हेक्स२डेक' नावाचा फॉर्म्युला आहे, तो लावा.

अभ्यासिकावाला:
दादा भारी!! ब्याऐंशी खरंच जुळलं. पण फॉर्म्युला काही ठिकाणी चालेना. एक आहे ५.२१ई+०९, तिथे भलतंच काहीतरी येतं. आणि ५२४१९३ सारखे अक्षरं नसलेले नंबर आधीच साधे आहेत ना, ते तसेच ठेवले.

सीएसव्ही_पीडित:
थांबा, सेव्ह करू नका!! सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी यादी) डबल क्लिक करून उघडलीत ना? मूळ नंबर ००५२१ई०७ असा काहीतरी असणार. एक्सेलला मधला ई दिसला की ते ५२१ पुढे सात शून्यं असं समजतं. मी याच्यापायी माझ्या कामात आख्खा एक दिवस घालवलाय. कोरी एक्सेल उघडा, डेटा मेनूतून फाईल आत घ्या आणि त्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट ठेवा. सेव्ह झाली असेल तर सॉफ्टवेअरमधून परत काढा, ५.२१ई+०९ वरून मूळ नंबर खात्रीने काढता येत नाही.

झोपाळू_बिट:
आणि अक्षर नाही म्हणून तो साधा नंबर होत नाही. ००५२४१९३ पण हेक्सच, फक्त त्यात ए ते एफ आलं नाही एवढंच. त्याचे ५३९०७३९ होतात. कार्ड बघा.

अभ्यासिकावाला:
०००५३९०७३९. हो. म्हणजे मी चुकीच्या पोरांची कार्डं बंद केली असती.

नाईट_ड्युटी:
कार्ड कशाला पण, बोटाचा ठसा लावा. आणि हे १२५ किलोहर्ट्झवालं कार्ड असेल तर ते सहज कॉपी होतं, पोरं एकाच्या फीवर दोघं बसतील.

खडूस_काका:
उन्हाळ्यात घामाने बोटं उमटत नाहीत, आमच्या सोसायटीत बघा येऊन. वॉचमनच लागतो शेवटी.

पायथनप्रेमी:
पण मुळात सोळाच का, कुणी सांगितलंच नाही. बिट म्हणजे कॉम्प्युटरचा एक ० किंवा १; चार बिटांची १६ रूपं होतात, म्हणून एका अक्षरात चार बिट बसतात. तुमची आठ अक्षरं म्हणजे ३२ बिट. आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टीम ३६० या कॉम्प्युटरपासून हे जास्त रुळलं, त्याआधी आठाने मोजायची पद्धत चालायची.

अभ्यासिकावाला:
ते वाचतो नंतर. २१० पैकी २०८ जुळले, दोन राहिले ते रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरातला १ की ७ कळत नाहीये. सगळ्यांचे आभार. फी न भरलेले १९ निघाले.

एमपीएससी_चौथा_प्रयत्न:
सर तुमची नाही, दुसरीकडची अभ्यासिका आहे माझी, पण तरी विचारतो, १ ऐवजी ५ तारखेपर्यंत कार्ड चालू ठेवता येतं का सिस्टीमला?