खानापूरच्या रानात कॅमेरा घेऊन जायचंय: भाड्याची थार की ड्रायव्हरसकट बोलेरो?

खानापुरी
डिसेंबर आला की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात पुण्या-मुंबईकडच्या मित्रांचे फोन सुरू होतात. "चौघं येतोय. जांबोटी, कणकुंबी, मग घटप्रभेकडं कांड्या करकोचे बघायला. गोव्यातनं सेल्फ-ड्राइव्ह थार उचलू काय?" आजोबांच्या पिढीत जीप काढून लोक शिकारीला जायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते संपलं आणि बरं झालं. पण जंगलात जायचं म्हटलं की जीप पाहिजेच, हे खूळ काही डोक्यातनं गेलं नाही.

माझं मत सरळ आहे. खानापुरातनं किंवा बेळगावातनं पिवळ्या पाटीची बोलेरो घ्या, ड्रायव्हर इथलाच घ्या, दिवसाचं भाडं आधी ठरवा. गोव्यातनं आणायच्या भानगडीत पडू नका. तिथल्या बऱ्याच करारांत गाडी राज्याबाहेर न्यायची नाही असं छापलेलंच असतं आणि चोर्ला घाट चढून कोण बघायला येतंय म्हणून लोक घेऊन येतात. गाडी बंद पडली की मग कळतं.

टिळकवाडीकर
असहमत. पक्षी बघायला गेलेल्या माणसाला ड्रायव्हर हीच सगळ्यात मोठी अडचण. पहाटे साडेपाचला या म्हटलं की साडेसहाला येणार. धनेश समोर फांदीवर बसलाय आणि हे दार धाडकन लावून तंबाखू मळायला उतरणार. एका जागी तासभर थांबलं की "साहेब, अजून किती वेळ?" सुरू.

वर ड्रायव्हर भत्ता, रात्रीचा हॉल्ट, गॅरेज टू गॅरेज, म्हणजे गाडी त्यांच्या दारातनं निघून परत दारात जाईपर्यंतचे किलोमीटर. बाहेरगावचा हिशोब लावला तर दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटरचं भाडं. बेळगाव ते कणकुंबी पंचेचाळीसेक किलोमीटर. जाऊन येऊन शंभर फिरायचं आणि तीनशेचे मोजायचे? आपली काच खाली, आपलं इंजिन बंद, आपण आणि पाखरू. सेल्फ-ड्राइव्हच.

खानापुरी
म्हणून तर दिवसाचं ठरवा म्हटलं. तीनशेचा हिशोब बाहेरगावच्या सहलीवाल्यांना लागतो. खानापुरात स्टँडजवळ उभं राहून बोललात तर "सकाळी इतक्याला निघायचं, अंधार पडायच्या आत परत, डिझेल तुझं की माझं" एवढ्यात व्यवहार मिटतो.

आणि ड्रायव्हर नुसता स्टेअरिंग धरायला नसतो. भीमगड अभयारण्य १९० चौरस किलोमीटरचं आहे, २०११ साली जाहीर झालं. आत वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. कुठला फाटा गावाचा आणि कुठला जंगलखात्याचा हे मोबाइलवरचा नकाशा सांगत नाही. जांबोटीच्या पुढं रेंजचाही भरवसा नाही. गार्डानं अडवलं तर गावातला माणूस बरोबर असलेला बरा.

चंदगडी
थारवाल्यांसाठी एक गोष्ट. भाड्याला मिळणारी प्रत्येक थार फोर बाय फोर नसते. २०२३ पासून तिचं नुसती मागची चाकं फिरवणारं मॉडेलही आलंय. बाहेरनं बघितलं तर तोच रुबाब. गिअरच्या शेजारी दुसरी लिव्हर आहे का बघा. साध्या मॉडेलमध्ये त्या जागी नुसता खण असतो, सुटे पैसे ठेवायला. जास्तीचं भाडं भरून तो खण घेऊन येणारे लोक बघितलेत.

आणि खरी फोर बाय फोर मिळाली तरी डांबरी रस्त्यावर ती लिव्हर ओढून फिरू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखी फिरत नाहीत. मधे तो फरक सोसणारा डिफरन्शियल नसल्यामुळं सगळा ताण गिअरपेटीवर येतो. ते चिखलासाठी आहे. डिसेंबरात चिखल कुठनं आणणार?

टिळकवाडीकर
चिखल नसला तरी उंची लागते ना? थारचा क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर, २२६ मिलिमीटर, बोलेरोचा १८०. जांभ्या दगडाचा रस्ता पावसात धुऊन गेला की मधे उंचवटा आणि दोन्ही बाजूंना चर उरतात. त्यात छोट्या गाडीचं पोट घासतं. पुण्याहून आलेला माणूस असल्या रस्त्यावर गाडी चालवायला शिकलेला नसतो, मान्य. पण खालनं खड्डड्ड् आवाज आल्यावर घाबरायला तर नको.

पुण्याचा पाहुणा
वाद वाचून मजा आली. मुद्दा असा की आम्ही गेल्या हिवाळ्यात साध्या हॅचबॅकनं आलो होतो आणि जांबोटी-कणकुंबीला काहीच झालं नाही. मुख्य रस्ता डांबरीच आहे. चरांच्या रस्त्याला गेलो नाही, कारण तिकडं जायची परवानगीच नव्हती. मग एवढी मोठी गाडी नेमकी कशासाठी?

भीती वाटली ती निपाणी-चिकोडीकडं, आणि तीही रात्री. उसाचा हंगाम. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागं दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की मधला ट्रेलर दिसतच नाही. त्याला ग्राउंड क्लिअरन्स काय करणार?

चंदगडी
शंभर टक्के. आमच्याकडं हंगामात अंधार पडला की शहाणा माणूस बाहेर निघत नाही. निघालाच तर ट्रॅक्टर दिसला की ओव्हरटेकची घाई करत नाही. मागचा ट्रेलर वळणावर आत कापतो, साइडपट्टी खचलेली असते. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाकडनं परत येताना उशीर होणार असेल तर मुक्काम तिथंच टाका, पण रात्री रस्त्यावर येऊ नका.

नवखा
एक विचारू का? रात्री गाडीतनं सर्चलाइट मारत फिरलं तर ससे, रानडुक्कर दिसतात म्हणे. कुणी नेतं का असं? बंदूक वगैरे काही नाही, नुसतं बघायला. आणि एखादं डुक्कर मिळालंच तर… गावातले लोक करतातच की.

खानापुरी
"मिळालंच तर" हे तीन टिंबांसकट खोडून टाका. कायद्यातली शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नव्हे. हाकारा घालणं, आमिष लावणं, फासा लावणं, पकडायचा प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. रानडुक्करसुद्धा संरक्षित यादीत आहे. शेताचं नुकसान झालं तर वनखात्याकडं भरपाई मागायची वाट आहे. पाहुण्यानं येऊन न्याय करायची गरज नाही.

आणि रात्री झोत मारत फिरणारी गाडी दिसली की वनखात्याचे लोक "नुसतं बघायला आलोय" यावर विश्वास ठेवत नाहीत. का ठेवावा?

गाडीवाला
मी भाड्यानं गाड्या देतो म्हणून बोलूलोय. गिऱ्हाईक तोंडानं काय सांगूलाय त्याकडं माझं लक्ष कमी, बॅगांकडं जास्त. लांबडी गुंडाळलेली पिशवी, डोक्याला बांधायची बॅटरी, रिकामी पोती दिसली की माझी गाडी सर्व्हिसिंगला गेलेली असते. कारण काय गा? शिकारीच्या गुन्ह्यात गाडी सापडली तर गाडी जप्त होतीया आणि कलम ३९ प्रमाणं सरकारजमा होऊ शकतीया. गिऱ्हाईक जामिनावर सुटून घरी, मी हप्ते भरत कोर्टात.

दुसरं. पाटी बघून गाडी घ्या. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकटची टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे सेल्फ-ड्राइव्हला परवाना असलेली. पांढऱ्या पाटीची कुणाची तरी घरची गाडी "दोन दिवस चालव की" म्हणून स्वस्तात मिळतीया, लई लोक घेतात. अपघात झाला की विमावाला पहिलं विचारणार, भाडं घेतलं होतं काय? मग बसा बोंबलत.

टिळकवाडीकर
पाटीचं पटलं. ड्रायव्हरचं अजून नाही. बेळगावात काळ्या पाटीची गाडी मिळत असेल तर मी ड्रायव्हर का घेऊ?

गाडीवाला
घेऊ नका की. पण करारातलं बारीक अक्षर वाचा. डांबर सोडून गाडी नेली आणि खालनं चेंबर फुटलं तर विमा देत नाही, डिपॉझिट जातंय. थार दिसायला रानातली, कागदावर ती पण डांबरावरचीच. आणि गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, स्टेपनीत हवा हाय काय बघा, जॅकखाली ठेवायला एक फळी मागून घ्या. आमच्या लाल मातीत जॅक खाली जातोय, गाडी वर येत नाही. टाकी बेळगावातच फुल्ल.

चंदगडी
थार-बोलेरो दोन्ही बाजूला ठेवून सांगू? फोटोसाठी दोन्ही गैरसोयीच्या. बोलेरोत शेवटच्या दोघांना आडव्या सीटवर एकमेकांचे गुडघे बघत बसावं लागतं. तीन दारांच्या थारमध्ये मागच्यांची काच उघडतच नाही. ईको घ्या, ईको. सरकतं दार पूर्ण उघडतं, लांब लेन्स मांडीवर टेकवून बसता येतं. दार आपटायचा प्रश्नच नाही. गावात निम्म्या घरांत ओम्नी नाहीतर ईको असते, त्यामुळं तिला बघून ना माणसं थांबून बघतात ना बगळे उडतात.

टिळकवाडीकर
ईको? जंगलात? दूधवाला वाटेल माणूस.

पुण्याचा पाहुणा
दूधवाल्याला बघून पाखरं उडत नसतील तर मी दूधवाला व्हायला तयार आहे. सरकत्या दाराचा मुद्दा कुणी आधी का सांगितला नाही?

खानापुरी
डिसेंबर-जानेवारीत आणि डांबर न सोडता असेल तर ईको चालेल, माझी हरकत नाही. पण चौघं, चौघांच्या बॅगा, ट्रायपॉड आणि कुणाच्या तरी आईनं दिलेला डब्यांचा ढीग घेऊन चोर्ल्याचा चढ चढवायचा असेल तर मी बोलेरोच सांगणार. आणि पावसाळ्यात कणकुंबीकडं येणार असाल तर ईकोचं नाव काढू नका. धुक्यात आणि त्या पावसात नुसती मागची चाकं फिरवणारी हलकी गाडी ओल्या वळणावर कशी वागते ते ज्यानं चालवलीय त्याला विचारा.

गाडीवाला
ईको माझ्याकडं हाय. पिवळी पाटी, ड्रायव्हर माझा पुतण्या. तंबाखू खात नाही, दार हळू लावतोय. साडेपाचला येतोय का, ते मात्र त्याच्या आईला विचारून सांगतो.